व्याजात सूट, पण कोणाच्या खात्यावर?

२०२४ च्या जून महिन्यात आफ्रिकेतील दोन राजधान्यांतून जवळजवळ एकाच वेळी सुवार्ता आली. झांबियाच्या सरकारने लुसाकाहून जाहीर केले की परदेशी रोखेधारकांशी झालेला करार अमलात आला, जुने रोखे गेले, नवे आले. त्याच महिन्यात घानाच्या सरकारने आक्र्याहून जाहीर केले की सावकार-राष्ट्रांशी आणि खाजगी रोखेधारकांशी, दोघांशीही समझोता झाला. लंडन-न्यूयॉर्कच्या अर्थविषयक पत्रांनी दोन्ही देशांची पाठ थोपटली. कर्जबुडव्यांच्या यादीतून नाव निघण्याची वेळ आली, आता बाजार पुन्हा दार उघडील, असा एकंदर सूर होता.

पाठ थोपटणारा हात कोणाचा आहे हे पाहण्याची आपल्या चळवळीला जुनी सवय आहे. म्हणून या दोन करारांतील व्याजाचे कलम आम्ही शेजारी शेजारी ठेवून वाचले. आकडे रुक्ष आहेत. पण कार्यकर्त्यांनी ते सोसून वाचावेत अशी विनंती आहे. कर्जाच्या प्रश्नावर भाषणे पुष्कळ होतात, हिशेब क्वचित होतो.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. हे दोन्ही देश कर्जाच्या राजकारणात नवखे नाहीत. घाना १९५७ साली स्वतंत्र झाला, झांबिया १९६४ साली. पहिल्याची मदार कोको आणि सोन्यावर, दुसऱ्याची तांब्यावर. दोघांनाही साम्राज्यशाहीकडून जी अर्थव्यवस्था वारशाने मिळाली ती एका-दोन जिनसांवर उभी होती, आणि त्या जिनसांचा भाव ठरवण्याचा अधिकार वारशात मिळालेला नव्हता. क्वामे न्क्रुमा यांनी १९६५ साली नववसाहतवादावर ग्रंथ लिहिला तो याच अनुभवातून. पुढल्याच वर्षी त्यांची सत्ता उलथली. १९७२ साली कर्नल अचियाम्पाँग यांच्या लष्करी राजवटीने आधीच्या काळातील काही कर्जे सरळ नाकारली. ‘येंतुआ’, म्हणजे ‘आम्ही देणार नाही’, ही त्या वेळची घोषणा. ती लष्करशहाच्या तोंडची होती आणि त्या राजवटीचे पुढे काय झाले हे सर्वश्रुत आहे. तथापि १९७४ साली रोम येथे धनको राष्ट्रांना आधीच्यापेक्षा पुष्कळच सौम्य अटी मान्य कराव्या लागल्या, हेही विसरता येत नाही.

झांबियाची कथा अधिक करुण आहे. १९७४-७५ मध्ये तांब्याचा भाव कोसळला आणि केनेथ काउंडा यांचे सरकार कर्जाच्या वाटेला लागले. दशकाच्या अखेरीस अमेरिकेने महागाई रोखण्यासाठी आपले व्याजदर चढवले आणि लुसाकाचे देणे, लुसाकाने काहीही न करता, फुगले. नाणेनिधीच्या सांगण्यावरून मक्याच्या पिठावरचे अनुदान काढले तेव्हा डिसेंबर १९८६ मध्ये ताम्रपट्ट्यातील शहरांत दंगली उसळल्या. माणसे मारली गेली. १ मे १९८७ रोजी, कामगारदिनी, काउंडांनी नाणेनिधीशी फारकत घेतली आणि निव्वळ निर्यात-उत्पन्नाच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक रक्कम कर्जफेडीला देणार नाही असे जाहीर केले. त्याच वर्षी जुलैमध्ये आदिस अबाबा येथे तोमा सांकारा यांनी आफ्रिकेने एकजुटीने कर्ज नाकारावे असे आवाहन केले. ऑक्टोबरात त्यांची हत्या झाली. काउंडा दोन वर्षेही एकटे तगले नाहीत. मदतीचे नळ बंद होताच १९८९ पर्यंत त्यांना परतावे लागले.

या साऱ्या धडपडीचा शेवट कर्जमाफीच्या योजनेत झाला. अतिऋणग्रस्त गरीब देशांसाठीच्या कार्यक्रमाखाली घानाला २००४ साली आणि झांबियाला २००५ साली मोठी सूट मिळाली. पाटी जवळजवळ कोरी झाली. मग वीस वर्षांत पुन्हा हीच पाळी का आली?

कोरी पाटी पाहून नवा सावकार आला, हे त्याचे पहिले उत्तर. जुने कर्ज बहुतांशी सरकारांचे आणि जागतिक बँकेचे होते. नवे कर्ज बाजारातल्या डॉलर-रोख्यांचे आणि चिनी बँकांचे. घानाने २००७ साली ७५ कोटी डॉलरचे रोखे साडेआठ टक्के व्याजाने विकले. झांबियाने २०१२ साली तेवढीच रक्कम ५.३७५ टक्क्यांनी उचलली. अमेरिकेचे स्वतःचे सरकार त्या वर्षी दहा वर्षांच्या कर्जाला दोन टक्केसुद्धा देत नव्हते. त्यामुळे चढ्या व्याजाच्या शोधात हिंडणाऱ्या पैशाने लुसाकाच्या रोख्यांवर उडी घातली. २०१४ मध्ये झांबियाने आणखी १०० कोटी साडेआठ टक्क्यांनी घेतले, २०१५ मध्ये १२५ कोटी ८.९७ टक्क्यांनी. घानाने २०१५ साली १०० कोटी डॉलर घेतले ते १०.७५ टक्क्यांनी, आणि तेही जागतिक बँकेने काही भागाची हमी घेतल्यावर! जामीन उभा असताना पावणेअकरा टक्के घेणाऱ्या सावकाराला आपल्या खेड्यात लोक काय म्हणतात ते येथे छापता येणार नाही.

दुसरे उत्तर तितकेच खरे आहे, आणि ते टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. दोन्ही देशांतील राज्यकर्त्यांनी निवडणुका तोंडावर ठेवून खर्च केला, रस्त्यांची कंत्राटे वाटली, चिनी कर्जांच्या अटी स्वतःच्या लोकांपासून लपवल्या. तेल सापडले म्हणून आक्र्याने, तांबे चढले म्हणून लुसाकाने उद्याचे उत्पन्न आज खाल्ले. साम्राज्यशाहीच्या नावाने बोटे मोडून या मंडळींना मोकळे सोडणे हा समाजवादी विचार नव्हे.

मग महामारी आली. १३ नोव्हेंबर २०२० रोजी झांबियाने ४ कोटी २५ लाख डॉलरचा व्याजाचा हप्ता चुकवला. घानाने आणखी दोन वर्षे ओढले. २०२२ मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर चढवायला सुरुवात केली, आफ्रिकी रोख्यांना गिऱ्हाईक उरले नाही, आणि १९ डिसेंबर २०२२ रोजी घानाने परदेशी देण्यांपैकी बहुतेकांची फेड थांबवली. १९७९ साली जे घडले तेच पुन्हा घडले: दर वॉशिंग्टनने ठरवला, बिल आफ्रिकेला गेले.

आता करारांकडे येऊ. प्रथम झांबिया.

जून २०२३ मध्ये चीन व फ्रान्स यांच्या सहअध्यक्षतेखालील धनको राष्ट्रांच्या समितीशी ६३० कोटी डॉलरच्या कर्जाबाबत समझोता झाला. त्यातील दोन-तृतीयांशाच्या आसपास देणे एकट्या चिनी निर्यात-आयात बँकेचे. मुद्दलाला हात लागला नाही; मुदत २०४३ पर्यंत गेली आणि व्याज २०३७ पर्यंत एक टक्का, त्यानंतर फार तर अडीच टक्के ठरले. ढोबळ हिशेबाने ६३० कोटींवर वर्षाला ६ कोटी ३० लाख डॉलर.

खाजगी रोखेधारकांचा करार त्यानंतर वर्षाने पुरा झाला. मधे नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याचा पहिला मसुदा धनको राष्ट्रांनीच फेटाळला. आम्ही एवढे सोडले आणि यांनी एवढेच का, असा त्यांचा आक्षेप होता. अखेर जुन्या तीन रोख्यांच्या जागी दोन नवे आले. पहिला १७० कोटी डॉलरचा: २०३१ पर्यंत ५.७५ टक्के, मग २०३३ पर्यंत साडेसात. दुसरा १३५ कोटींचा: अर्धा टक्का व्याज, मुदत २०५३ पर्यंत. रोखेधारकांनी ८४ कोटी डॉलरवर पाणी सोडले, असे सांगण्यात आले.

येथे वाचकाने थांबावे आणि बेरीज करावी. १७० आणि १३५ मिळून ३०५ कोटी होतात. झांबियाने मुळात घेतलेले किती? ७५, १०० आणि १२५ मिळून ३०० कोटी. म्हणजे ‘सूट’ मिळाल्यानंतरचे मुद्दल मूळ उचलीपेक्षा पाच कोटींनी जास्त आहे! मग ते ८४ कोटी कुठले? फेड थांबली होती त्या साडेतीन वर्षांत थकलेले व्याज मुद्दलात मिळवून दावा ३८९ कोटींवर नेला होता. त्यातून ८४ कोटी वजा केले. थकबाकी चढवायची, चढलेलीतून थोडी उतरवायची, आणि उतरवलेल्या रकमेला औदार्य म्हणायचे, ही रीत महाराष्ट्राच्या शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको.

दुसरी गोष्ट. ६३० कोटी ज्यांचे आहेत त्या राष्ट्रांना वर्षाला ६ कोटी ३० लाख मिळतात. १७० कोटी ज्यांचे आहेत त्या रोखेधारकांना पहिल्याच रोख्यावर ९ कोटी ७७ लाख. चिनी बँकेबद्दल आम्हाला ममत्व नाही. तिच्या करारांतील गुप्तता निंद्य होती. परंतु आफ्रिकेला कर्जाच्या सापळ्यात चीन अडकवतो असे जी पत्रे रोज लिहितात त्यांनी हे दोन आकडे एकदा शेजारी छापावेत.

आणि तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर आहे. तो जो अर्ध्या टक्क्याचा रोखा, तो कायम अर्ध्या टक्क्याचा नाही. करारात एक कलम आहे. २०२६ ते २०२८ या काळात झांबियाची कर्ज पेलण्याची ताकद ‘दुर्बल’ श्रेणीतून ‘मध्यम’ श्रेणीत गेली, किंवा निर्यात-उत्पन्न आणि सरकारी महसूल यांची तीन वर्षांची सरासरी नाणेनिधीच्या अंदाजाच्या वर गेली, की त्या रोख्याचे व्याज अर्ध्या टक्क्यावरून ७.७५ टक्क्यांवर चढते आणि मुदत २०५३ वरून २०३५ वर येते. १३५ कोटींवर अर्धा टक्का म्हणजे वर्षाला ६७ लाख ५० हजार डॉलर. पावणेआठ टक्के म्हणजे १० कोटी ४६ लाख. मुद्दल तेवढेच धरले तर दोन्ही रोख्यांचे मिळून व्याज सव्वावीस कोटींवर जाते. जुन्या तिन्ही रोख्यांचे वार्षिक व्याज पावणेचोवीस कोटी होते. दार पुढून बंद केले आणि मागून उघडे ठेवले, असा हा प्रकार आहे. सरकारी कर्जालाही असेच कलम आहे. तेथे व्याज चार टक्क्यांपर्यंत चढू शकते आणि मुदत २०३८ वर येते.

झांबियाच्या निर्यातीत तांब्याचा वाटा सत्तर टक्क्यांच्या आसपास. विजेवर चालणाऱ्या गाड्या आणि तारांसाठी जगाला तांबे हवे आहे. मे २०२४ मध्ये त्याचा भाव टनाला दहा हजार डॉलरच्या वर गेला. म्हणजे वारा झांबियाच्या बाजूने वाहू लागला, आणि नेमकी तीच वेळ धनकोंनी आपल्या नावावर लिहून घेतली. खाणींतून येणारा वाढीव पैसा शाळांत जायचा की दवाखान्यांत याची चर्चा लुसाकाच्या संसदेत होण्यापूर्वीच त्यातला पहिला घास कोणाचा हे ठरले.

यावर कोणी म्हणेल की देश सुस्थितीत आला तर धनकोने थोडे अधिक मागितले यात अन्याय कोणता? वाईट दिवसांत त्याने सोडले, चांगल्या दिवसांत मिळाले. युक्तिवाद वरवर न्याय्य दिसतो. पण मग पारडे दोन्हीकडे झुकले पाहिजे. दुष्काळ पडला, तांबे कोसळले, तर व्याज ठरल्याहून खाली जाईल अशी तरतूद त्या कलमात नाही. ते वर जाण्याचाच रस्ता दाखवते. आणि दुष्काळ ही येथे कल्पनेतली गोष्ट नव्हती. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी झांबियाने राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली होती. मक्याचे पीक आदल्या वर्षीच्या निम्म्याहून खाली आले, करिबा धरणाचे पाणी आटले, आणि पाण्यावर वीज करणाऱ्या त्या देशात दिवसाचे बहुतेक तास दिवे बंद राहू लागले. नव्या रोख्यांवर सह्या झाल्या त्या या अंधारात.

झांबियाच्या सरकारची एक बाजू मात्र नोंदवली पाहिजे. हाकाइंदे हिचिलेमा यांच्या सरकारने इंधनावरचे अनुदान काढले खरे. पण २०२२ मध्येच शालेय शिक्षण मोफत केले आणि सुमारे तीस हजार शिक्षक नेमले. त्याहूनही आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की देशातल्या लोकांनी, बँकांनी, पेन्शन-निधींनी घेतलेल्या सरकारी रोख्यांना त्यांनी हात लावला नाही. फेररचना झाली ती परदेशी कर्जाचीच.

घानात नेमके उलट झाले.

घानाचा परदेशी करार झांबियापेक्षा स्वच्छ आहे, हे प्रथम कबूल करू. रोखेधारकांचे सुमारे १,३०० कोटी डॉलर होते. एप्रिल २०२४ चा पहिला मसुदा नाणेनिधीच्या कसोटीला उतरला नाही म्हणून बारगळला. जूनमध्ये ठरले आणि ऑक्टोबरात अमलात आले ते असे: बहुतेक धारकांनी मुद्दलातच ३७ टक्के काट घ्यायची, उरलेल्यावर २०२८ पर्यंत पाच टक्के आणि मग सहा टक्के व्याज, मुदत २०२९ आणि २०३५. ज्यांना काट नको त्यांनी पुरे मुद्दल ठेवून २०३७ पर्यंत दीड टक्का व्याज घ्यायचे; पण या दुसऱ्या पर्यायाला १६० कोटींची मर्यादा. ज्याच्याकडे ८.१२५ टक्क्यांचा शंभर डॉलरचा रोखा होता त्याला पूर्वी वर्षाला आठ डॉलर साडेबारा सेंट मिळत. आता ६३ डॉलरवर तीन डॉलर पंधरा सेंट, पुढे तीन डॉलर अठ्ठ्याहत्तर सेंट. रोखेधारकांनी एकूण सुमारे ४७० कोटी सोडले. धनको राष्ट्रांच्या ५१० कोटींवर व्याज एक ते तीन टक्क्यांच्या दरम्यान आले. मुख्य म्हणजे, देश सावरला तर व्याज उसळी घेईल असे झांबियासारखे कलम रोख्यांत नाही. सोन्याचा भाव चढला तर तो घानाचा.

मग घानाचे कौतुक करावे काय? परदेशी कागद मिटवून देशातला कागद उघडला की उत्तर मिळते.

परदेशी रोखेधारकांशी बोलणी पुरी होण्याच्या दीड वर्ष आधी, ५ डिसेंबर २०२२ रोजी, घाना सरकारने स्वतःच्या नागरिकांचे रोखे बदलण्याची योजना काढली होती. जुन्या रोख्यांवर सरासरी एकोणीस टक्क्यांच्या आसपास व्याज होते. नव्यांवर नऊच्या आसपास, मुदत वर्षानुवर्षे पुढे ढकललेली. दर ऐकायला वाईट नाही. पण त्याच डिसेंबर महिन्यात घानात महागाई ५४.१ टक्के होती! भाव निम्म्याने वाढत असताना नऊ टक्के व्याज देणे म्हणजे मुद्दल खाणेच. लंडनच्या रोखेधारकाला पाच टक्के मिळणार ते डॉलरमध्ये. आक्र्याच्या शिक्षिकेला नऊ टक्के मिळणार ते सेदीमध्ये. मोठा आकडा कोणाचा आणि मोठी रक्कम कोणाची, हे एवढ्यावरून उमगावे.

योजनेचे नाव ‘ऐच्छिक’ होते. कामगार संघटनांच्या महासंघाने २७ डिसेंबरपासून सार्वत्रिक संपाची नोटीस दिली तेव्हा सरकारने पेन्शन-निधी वगळले. संघटित कामगाराची ताकद काय करू शकते याचे ते उदाहरण म्हणून आपल्या अभ्यासवर्गांत सांगण्यासारखे आहे. (पुढे २०२३ च्या उत्तरार्धात वेगळ्या अटींवर तेही निधी योजनेत आणलेच गेले, विजय अर्धा होता.) परंतु जे कोणत्याच संघटनेत नव्हते, ज्यांनी निवृत्तीच्या वेळचा पैसा सरकारी रोख्यांत ठेवला होता, त्यांचे काय? फेब्रुवारी २०२३ मध्ये ही वृद्ध माणसे अर्थमंत्रालयासमोर ठिय्या देऊन बसली. त्यांच्यात घानाच्या माजी सरन्यायाधीश सोफिया अकुफो याही होत्या. ज्या बाईंनी देशाच्या सर्वोच्च न्यायासनावरून करारांचे अर्थ लावले, त्यांना सरकारने आपला शब्द पाळावा म्हणून फलक हाती घेऊन उभे राहावे लागले. वृद्ध व्यक्तींना अखेर सूट मिळाली. बँकांना मिळाली नाही; पहिल्या फेरीत पात्र रोख्यांपैकी सुमारे पंच्याऐंशी टक्के बदलले गेले.

देशी रोखे हे मुख्यतः बँकांचे, गरिबांचे नव्हेत. मग त्यांना कात्री लागली तर समाजवाद्यांनी का रडावे, असा प्रश्न आमच्याच काही मित्रांनी विचारला. प्रश्न रास्त आहे. घानातील बँकांनी सरकारला चढ्या दराने कर्ज देऊन वर्षानुवर्षे नफा कमावला, आणि शेतकऱ्याला कर्ज देण्याचे कष्ट घेतले नाहीत. शिवाय घानाच्या महसुलाचा जवळजवळ निम्मा वाटा व्याजात जात होता आणि त्यातले मोठे देणे देशातच होते. त्याला हात न लावता हिशेब जुळला नसता, हेही मान्य. आमचा आक्षेप क्रमावर आहे. स्वतःच्या नागरिकाचा रोखा प्रथम, काही आठवड्यांची मुदत देऊन, सरकारी फर्मानाने. परक्याचा रोखा नंतर, दीड वर्ष वाटाघाटी करून, वकिलांच्या साक्षीने. दुबळ्याला आधी कापायचे आणि बळकटाशी मग घासाघीस करायची, हा क्रम कोणत्याही अर्थशास्त्राने घालून दिलेला नाही.

तर असे हे दोन नमुने. झांबियाने घरच्यांना वाचवले आणि उद्याचे तांबे गहाण टाकले. घानाने उद्याचे सोने मोकळे ठेवले आणि घरच्यांची आजची पुंजी कापली. दोहोंपैकी एक निवडा असे कोणी म्हणाले तर आम्ही घानाचा परदेशी करार आणि झांबियाचे देशी धोरण निवडू. असा पर्याय देण्यात येत नाही, कारण ज्या टेबलावर हे ठरते तेथे कसोटी वेगळी असते. झांबियाला सांगितले गेले की परदेशी कर्जफेड महसुलाच्या चौदा टक्क्यांवर आणा. घानाला सांगितले गेले की २०२८ पर्यंत ती अठरा टक्क्यांवर आणि एकूण कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या पंचावन्न टक्क्यांवर आणा. हे आकडे नाणेनिधीच्या कोष्टकातून निघतात. त्या आकड्यात बसले की करार ‘टिकाऊ’ ठरतो. उरलेल्या शहाऐंशी किंवा ब्याऐंशी टक्क्यांत देश चालतो की नाही, हे कोष्टक विचारत नाही. काउंडांनी १९८७ साली दहा टक्क्यांची रेघ स्वतः ओढली तेव्हा त्यांना बंडखोर म्हटले गेले. आज तशीच रेघ चौदावर नाणेनिधी ओढतो आणि तिला शास्त्र म्हणतात.

महाराष्ट्राच्या वाचकाला या जागी १८७५ साल आठवेल. त्या वर्षीच्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले आणि त्यांनी प्रथम हात घातला तो कर्जखतांना. पैशापेक्षा कागद जाळण्याकडे त्यांचा कल होता. चार वर्षांनी इंग्रज सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा करावा लागला त्यात न्यायालयाला एक अपूर्व अधिकार मिळाला: रोख्यावर काय लिहिले आहे तेवढेच न पाहता त्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा सारा इतिहास उकरावा, मुद्दल किती आणि व्याजाचे मुद्दल केलेले किती हे वेगळे करावे, आणि वाजवी व्याज ठरवावे. त्याच्याही आधीपासून आपल्याकडे दामदुपटीचा नियम होता. थकलेले व्याज मुद्दलाहून अधिक मागता येत नसे. परकी सत्तेच्या न्यायालयांनीसुद्धा तो मानला.

स्वतंत्र आफ्रिकी राष्ट्राला आज एवढेही संरक्षण नाही. या देशांचे डॉलर-रोखे इंग्लंडच्या कायद्याखाली लिहिलेले असतात आणि ते न्यायालय रोख्याच्या मागे जात नाही. झांबियाने १९७९ साली रुमानियाकडून ट्रॅक्टर उधारीवर घेतले होते. ते देणे १९९९ साली डोनेगल इंटरनॅशनल या कंपनीने सुमारे ३३ लाख डॉलरना विकत घेतले आणि लंडनच्या न्यायालयात साडेपाच कोटी डॉलरचा दावा लावला. २००७ साली न्यायालयाने तिला १ कोटी ५५ लाख देवविले, म्हणजे गुंतवणुकीच्या साडेचार पटींहून अधिक. त्या संतापातून ब्रिटिश संसदेने २०१० साली अशा दाव्यांना आळा घालणारा कायदा केला. पण तो जुन्या कर्जांपुरता. २०१२ नंतरचे रोखे त्याच्या बाहेर राहिले.

या प्रश्नात भारत प्रेक्षक नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस राष्ट्रांच्या गटाचे अध्यक्षपद आपल्याकडे असताना बंगळूर येथे सार्वभौम कर्जाविषयीची जागतिक गोलमेज भरली. नाणेनिधी, जागतिक बँक आणि भारत हे तिचे सहअध्यक्ष होते. धनको राष्ट्रे आली, खाजगी धनकोंचे प्रतिनिधी आले, झांबिया व घानाची सरकारेही प्रक्रियेत होती. त्याच महिन्यात आक्र्याच्या फुटपाथवर बसलेल्या पेन्शनरांना किंवा ताम्रपट्ट्याच्या खाणकामगारांना तेथे बाक नव्हता.

आणि आपण स्वतः सावकारही आहोत. लुसाका शहरातील रस्ते व उड्डाणपुलांचा प्रकल्प, घानातील तेमा ते म्पाकदान हा रेल्वेमार्ग, आक्र्यातील राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान, ही कामे भारताच्या कर्जातून आणि भारतीय कंत्राटदारांच्या हातून झाली. कर्ज देणाऱ्या आपल्या निर्यात-आयात बँकेची कचेरी मुंबईतच आहे. सावकार चीन असो, न्यूयॉर्कचा फंड असो वा मुंबईची सरकारी बँक असो, प्रश्न तेच विचारले पाहिजेत. झांबिया व घाना यांच्याकडे आपले येणे किती होते, त्यावर व्याज काय दराने होते, फेररचनेत ते किती उतरले, आणि देश सावरल्यास ते पुन्हा चढवण्याचे कलम आपणही लिहून घेतले आहे काय? आपल्या बाजूच्या खासदारांनी हे चार प्रश्न लेखी विचारावेत आणि उत्तरे या पानावर छापण्यासाठी पाठवावीत.